दौरा कार्यक्रम छापता, मग दौऱ्याचा हिशेब का नाही?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम तुम्ही कधी नीट वाचलाय का? जिल्हा माहिती कार्यालयाकडून तो वर्तमानपत्रांना जातो आणि आजकाल व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आपल्यापर्यंतही येतो. भाषा वर्षानुवर्षं तीच. सकाळी ८ वा. मुंबई येथून मोटारीने पुण्याकडे प्रयाण. ११ वा. शासकीय विश्रामगृह, पुणे येथे आगमन व राखीव. ११.४५ वा. अमुक इमारतीचे भूमिपूजन. दुपारी २ ते ४ राखीव. सायंकाळी ६ वा. अमुक यांच्या निवासस्थानी सदिच्छा भेट. सोयीनुसार मुंबईकडे प्रयाण.

मिनिटाला मिनिट लावून छापलेला कागद. पण दौरा संपल्यावर दुसरा कागद येत नाही. गाड्या किती होत्या, हेलिकॉप्टर होतं तर त्याचं बिल कुठल्या खात्यावर पडलं, भूमिपूजन अर्ध्या तासाचं आणि पक्षाची बैठक तीन तासांची असेल तर खर्च कोणाचा, आणि 'राखीव' म्हणजे नक्की कोणासाठी राखीव, यातलं काहीही नाही. जाण्याआधीची माहिती सगळ्यांना, आल्यानंतरची कोणालाच नाही.

मी नोकरीत असताना एकदा साताऱ्याच्या एका दिवसाच्या कामाचं प्रवासभत्त्याचं बिल दोन महिने अडकलं होतं. कारण काय, तर परतीचं एसटीचं तिकीट हरवलं. शेवटी 'तिकीट गहाळ झाले आहे' असं लेखी दिलं, साहेबांची सही घेतली, तेव्हा पैसे सुटले. रागावलो होतो तेव्हा, पण आज वाटतं, बरोबरच होतं. पैसा माझा नव्हता, त्यामुळे तिकीट दाखवणं माझं काम होतं. प्रश्न एवढाच आहे की हा नियम जसजसं वर जावं तसतसा सैल का होत जातो?

हा प्रश्न आजचा नाही, आणि आपल्या पुण्याला तर मुळीच नवा नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

गणेशखिंडीतला बंगला

विद्यापीठाची मुख्य इमारत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मूळची ती गव्हर्नरसाहेबांची. मुंबई इलाख्याचं सरकार तेव्हा ऋतूप्रमाणे फिरायचं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. गव्हर्नर निघाला की त्याच्याबरोबर सचिव, कारकून, दफ्तरं, नोकरचाकर, सगळा लवाजमा निघायचा. त्या पावसाळी मुक्कामासाठी सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ मध्ये गणेशखिंडीत नवं गव्हर्न्मेंट हाउस बांधायला घेतलं. दापोडीचा जुना बंगला विकून खर्च भागवायचा असा बेत होता.

तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईत पैशाचा पूर. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या बँका बुडाल्या, पण गणेशखिंडीतलं बांधकाम काही थांबलं नाही. १८७१ मध्ये ते पुरं झालं तेव्हा खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला होता. थेट लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यावर टीका झाली. मुंबईचे गव्हर्नर उधळे आहेत आणि वरिष्ठांना जुमानत नाहीत, याचा नमुना म्हणून या इमारतीकडे बोट दाखवलं गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पैसा इथल्या रयतेचा होता, पण विचारणा झाली ती लंडनमध्ये. ज्यांनी सारा भरला त्यांना विचारायची सोयच नव्हती.

पर्वतीचा हिशेब

ती सोय पुणेकरांनी स्वतःच तयार केली, आणि तीही जवळजवळ त्याच दिवसांत. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल गावात कुरबुर होती. देवस्थानचा पैसा कसा खर्च होतो, पंच कोणाला जबाबदार, असे प्रश्न लोक विचारत होते. गणेश वासुदेव जोशी या वकिलाने हा विषय हातात घेतला आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. जोशींना पुढे लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले ते यामुळेच.

सभेचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असं नुसतं म्हणून चालत नसे, कोणाच्या वतीने ते सह्यांनिशी दाखवावं लागे. निवडणुका, मतदारयाद्या असलं काही आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी पुण्यात हे घडलं.

बघा, एका देवस्थानच्या हिशेबापासून सुरू झालेली ही सभा काही वर्षांत सरकारच्या हिशेबापर्यंत पोचली. १८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. त्याच वेळी १ जानेवारी १८७७ ला लॉर्ड लिटनने दिल्लीत मोठा दरबार भरवला, राजेरजवाडे लवाजम्यासह देशभरातून तिथे जमले. सार्वजनिक काका त्या दरबाराला खादीच्या साध्या वेषात गेले आणि सभेतर्फे मानपत्र दिलं, त्यात मागण्याही मांडल्या. इकडे सभा गावोगावची दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारला पाठवत होती. किती माणसं कामावर, किती मजुरी, किती स्थलांतर. घोषणाबाजीपेक्षा आकडे काढून समोर ठेवायची ही सवय पुण्याला तेव्हापासूनची आहे.

मेजवानी लंडनला, बिल हिंदुस्थानला

त्याच सुमाराची एक गोष्ट तर ऐकून थक्क व्हायला होतं. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला पाहुणा म्हणून आला. त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये नाचगाण्याची जंगी मेजवानी झाली. पाहुणा तुर्की, यजमान इंग्रज, जागा लंडन, आणि खर्च टाकला हिंदुस्थानच्या महसुलावर!

यावर पार्लमेंटमध्ये आवाज उठवला हेन्री फॉसेट या सभासदाने. हा माणूस दोन्ही डोळ्यांनी अंध होता, पण हिंदुस्थानच्या हिशेबातली खोट त्याला बरोबर दिसायची. पुढे १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हिंदुस्थान दौऱ्याचा काही भार इथल्या तिजोरीवर टाकायचं ठरलं, तेव्हाही त्याने विरोध केला. लोक त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणायचे. त्याचा मुद्दा साधा होता. दौरा कोणाच्या कामाचा, हे आधी ठरवा, आणि ज्याचं काम त्याने पैसे भरावेत. आजही दौऱ्यांच्या वादात याहून वेगळा मुद्दा नसतो.

आता याच्या उलट एक दौरा सांगतो, कारण प्रवास म्हणजे उधळपट्टी असं मला मुळीच म्हणायचं नाही. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याच्या डेक्कन सभेने एका तिशीतल्या प्राध्यापकाला लंडनला पाठवलं. गोपाळ कृष्ण गोखले. न्यायमूर्ती रानडे आणि ग. व्यं. जोशी यांच्याकडून आकडेवारीची तयारी करून ते गेले. साक्षीत त्यांची कसून उलटतपासणी झाली आणि ती प्रश्नोत्तरांसह छापली गेली. म्हणजे गोखल्यांनी लंडनला जाऊन केलं काय, हे शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही शब्दन् शब्द वाचता येतं.

त्याच मुक्कामात पुण्यातल्या प्लेगच्या वेळच्या सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल त्यांनी जाहीर विधानं केली. परत आल्यावर पुरावा द्यायची वेळ आली, तो उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल पुण्यात त्यांची फार निंदा झाली, पुढची काही वर्षं त्यांना ती बोचत राहिली. माफी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण दौऱ्यात केलेल्या कामाची आणि बोललेल्या शब्दाची जबाबदारी परतल्यावर घ्यायची असते, ही रीत त्यांनी पाळली. दौऱ्याचा अहवाल म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

साधेपणाचा चकवा

स्वातंत्र्य आलं, गव्हर्नर आपला झाला, मंत्री आपले झाले. पण प्रश्न तसाच राहिला. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत नेहरूंवर तोफ डागली. देशातली कोट्यवधी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोजचे पंचवीस हजार रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप. वाद पेटला, पण तो 'तीन आणे की पंधरा आणे' या गरिबीच्या आकड्यावर. गरिबीवर चर्चा झाली हे उत्तमच झालं, पण पंचवीस हजारांचा मुद्दा मागे पडला.

आपल्या पुण्यात जन्मलेले मधू लिमये आठवा. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, 'मला लोकांनी पाचच वर्षांसाठी निवडलं होतं' या भूमिकेतून त्यांनी १९७६ मध्ये तुरुंगातून राजीनामा दिला. अशी माणसं आपल्याकडे होऊन गेली याचा अभिमान वाटतो.

पण इथेच आपण चकतो. आपण माणसाच्या साधेपणावर खूश होतो आणि व्यवस्थेला हिशेब मागायचं विसरतो. २००९ मध्ये दिल्लीत काटकसरीची लाट आली होती. मंत्री इकॉनॉमी क्लासने निघाले, कॅमेरे मागोमाग. काही महिन्यांत लाट ओसरली, कारण तो नियम नव्हता, देखावा होता. साधा माणूस त्याच्यापुरता साधा असतो, त्याच्या जागी दुसरा आला की साधेपणाही जातो. हिशेबाचं तसं नाही. छापायचा नियम केला की तो साध्यालाही लागू आणि उधळ्यालाही.

आणि खर्च व्हावाच लागतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी अख्खं सरकार अधिवेशनासाठी नागपूरला जातं. त्यावर पैसा लागतोच, आणि विदर्भाला दिलेला शब्द म्हणून तो योग्यही आहे. वाद प्रवास करावा की नाही याबद्दल नाहीच.

दहा रुपयांचा अर्ज

या सगळ्या इतिहासात खरा बदल झाला तो माहिती अधिकाराने. यातही पुणे आणि परिसर पुढे होता. राळेगणहून अण्णा हजारेंनी लावलेला रेटा, प्रकाश कर्दळे यांच्यासारख्या पुण्यातल्या पत्रकारांनी चालवलेली मोहीम, यातून आधी राज्याचा कायदा आला आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा लागू झाला. त्या पहिल्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, असं सांगतात. पुढे विवेक वेलणकर, विजय कुंभार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे हत्यार रोजच्या वापरात आणलं. महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत पडली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांनाही लावली. याची किंमतही मोजावी लागली. तळेगावचे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला निघाले आणि त्यांचा खून झाला. ते जमिनींचे व्यवहार उकरत होते. कागद मागणं हे किती जिवावरचं काम असू शकतं, हे पुणे जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

याच कायद्यामुळे २०१२ च्या मार्चमध्ये देशाला कळलं की तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाले. बारा दौरे, बावीस देश. त्यात एअर इंडियाच्या खास विमानांपोटी १६९ कोटी आणि राहणं, तिथला प्रवास, भत्ते वगैरे मिळून सुमारे ३६ कोटी. त्याच वसंतात त्यांच्या निवृत्तीनंतरच्या घरासाठी खडकी छावणीत लष्कराची २ लाख ६१ हजार चौरस फूट जागा घेतली जात असल्याचं प्रकरण निघालं. पुण्यातल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी ते लावून धरलं आणि एप्रिल २०१२ मध्ये प्रतिभाताईंनी ती जागा सोडली. नंतर त्या पुण्यातच राहायला आल्या.

न्याय्य बोलायचं तर, राष्ट्रपती स्वतःच्या मर्जीने परदेशी जात नाहीत. दौरे सरकार ठरवतं, आणि सुरक्षेच्या व्यवस्थेत त्यांना फारसं बोलता येत नाही. म्हणजे २०५ कोटी हा आकडा एका व्यक्तीवर चिखल उडवायला वापरणं चूक. पण हा आकडा कळायला अर्जांमागून अर्ज का करावे लागले? दर दौऱ्यानंतर तो आपोआप का नाही आला? तेव्हाच आला असता, तर पहिल्या दुसऱ्या दौऱ्यानंतरच चर्चा झाली असती. साठत साठत तो २०५ कोटींवर गेला आणि मग एकदम फुटला.

या गदारोळानंतर एक चांगली गोष्ट झाली, जी फार कोणाला ठाऊक नाही. ११ सप्टेंबर २०१२ ला केंद्राच्या कार्मिक विभागाने परिपत्रक काढलं की, मंत्री आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांचे देशातले-परदेशातले दौरे, ठिकाणं, कालावधी, बरोबरची माणसं आणि एकूण खर्च, दर तीन महिन्यांनी संकेतस्थळावर स्वतःहून टाकावेत. सुरक्षा आणि गुप्तवार्ता यंत्रणांना वगळून. पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावरही परदेश दौऱ्यांच्या तारखा आणि चार्टर विमानांच्या खर्चाचा तक्ता प्रसिद्ध झालेला आहे. म्हणजे 'असं करता येत नाही' हे उत्तर आता चालणार नाही. करता येतं.

चप्पल आणि विमान

आणि आपण मात्र भलत्याच गोष्टींवर भांडतो. २३ मार्च २०१७ आठवतंय? पुण्याहून दिल्लीला गेलेलं एअर इंडियाचं विमान. उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांच्याकडे बिझनेस क्लासचं तिकीट, विमानात नुसता इकॉनॉमी क्लास. दिल्लीला उतरायला नकार, आणि मग कर्मचाऱ्याला चपलेने मारहाण. पंचवीस वेळा मारलं, हे त्यांनीच सांगितलं. पंधरा दिवस देशभर चप्पल गाजली. पण खासदाराला वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास सरकारी खर्चाने मिळतात, त्यातला कोणता कशासाठी झाला हे मतदाराला कुठे पाहायला मिळतं, हे कोणीच विचारलं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी उत्तराखंडला जायला सरकारी विमानात जाऊन बसले, आणि परवानगी नाही म्हणून त्यांना उतरावं लागलं. शेवटी ते साध्या प्रवासी विमानाने गेले. एक बाजू म्हणाली राज्यपालांचा अपमान, दुसरी म्हणाली नियम म्हणजे नियम. पण सरकारी विमान कोणाला, कोणत्या कामासाठी, कोणाच्या सहीने मिळतं, आणि वर्षभरात ते कोण कोण कुठे घेऊन गेलं, ही यादी त्या निमित्ताने मागायला हवी होती. ती दोन्ही बाजूंनी मागितली नाही. का मागतील? आज हे सत्तेत, उद्या ते.

दौऱ्यात सरकारी काम आणि पक्षाचं काम यांची सरमिसळ हा तर सगळ्यात अवघड भाग. पंतप्रधान निवडणूक प्रचारासाठी हवाई दलाचं विमान वापरू शकतात, पण पैसे भरून. हा नियम जुना आहे, सगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना लागू आहे. २०१९ मध्ये माहिती अधिकारातून कळलं की २४० 'अशासकीय' फेऱ्यांसाठी भाजपने हवाई दलाला सुमारे १ कोटी ४० लाख रुपये भरले. त्यातल्या एका फेरीचे ७४४ रुपये. हो, सातशे चव्वेचाळीस. नियमाप्रमाणेच! कारण दर ठरतो तो १९९९ च्या आदेशावरून. नियम मोडला नाही तरीही प्रश्न उरतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ऑस्ट्रेलियात काय झालं बघा. तिथल्या लोकसभेच्या अध्यक्ष ब्रॉनविन बिशप पक्षनिधीच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नहून जीलाँगला हेलिकॉप्टरने गेल्या. मोटारीने तासाभराचा रस्ता. बिल ५,२२७ डॉलर, सरकारी तिजोरीतून. ते उघड झालं आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. दीड वर्षाने आणखी एक मंत्री प्रवासखर्चापायी गेल्या. पण तिथे गोष्ट राजीनाम्यावर थांबली नाही. २०१७ मध्ये त्यांनी खासदारांच्या खर्चावर नजर ठेवणारी स्वतंत्र संस्था स्थापली. दौऱ्याचा मुख्य हेतू संसदीय काम हाच होता का, ही कसोटी कायद्यात घातली, आणि खर्च ठरावीक मुदतीने प्रसिद्ध होऊ लागला.

माझा अर्ज

आता माझी छोटीशी गोष्ट. मध्यंतरी एका सार्वजनिक संस्थेच्या (नाव घेत नाही, कारण हा अनुभव कुठेही येऊ शकतो) सदस्यांनी परराज्यात 'अभ्यास दौरा' केला. मी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. चारच प्रश्न. कोण गेलं, किती खर्च झाला, तो कुठल्या लेखाशीर्षातून, आणि दौऱ्याचा अहवाल.

अगदी तिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्याला 'तृतीय पक्षाची वैयक्तिक माहिती', दुसऱ्या-तिसऱ्याला 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. चौथ्याला उत्तरच नाही. प्रथम अपील केलं. सुनावणीला साहेब सज्जन होते. म्हणाले, "काका, सगळं नियमानुसारच झालंय हो. तुम्हाला नक्की शंका काय आहे?" मी म्हटलं, "शंका काहीच नाही साहेब. नियमानुसार झालंय ना, मग तेच दाखवा."

शेवटी अकरा पानं मिळाली, दोन रुपयांप्रमाणे बावीस रुपये भरून. नावं होती, विमानाची तिकिटं होती, हॉटेल होतं. खर्च काही डोळे फिरावेत असा नव्हता. खरं सांगतो, त्या मानाने बराच रास्त वाटला. पण शेवटच्या पानावर 'दौऱ्याचा अहवाल' या रकान्यापुढे एकच शब्द होता. निरंक.

मला खर्चापेक्षा तो 'निरंक' जास्त लागला. लोकांच्या पैशाने शिकायला गेलात, आणि काय शिकलात ते दोन पानं लिहून ठेवलं नाहीत. गोखल्यांची साक्ष आजही वाचता येते, आणि परवाच्या अभ्यास दौऱ्याचा कागद नाही.

आता घाई कशाला?

कारण दार बंद होत चाललंय. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या गिरीश देशपांडे प्रकरणातल्या निकालानंतर 'वैयक्तिक माहिती' हे कारण कार्यालयांच्या हाती आयतंच लागलं. तरी कायद्यात एक आधार होता. सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल, तर वैयक्तिक माहितीही देता येत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधला हा भागच काढून टाकला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार अजून आहे, पण तो पटवून द्यायचं ओझं आपल्यावर. माझा तो चार प्रश्नांचा अर्ज आज केला, तर पहिल्याच उत्तरावर गाडी अडेल आणि मग दुसऱ्या अपिलाची वाट बघत बसायचं.

म्हणून आता मागून घेण्यापेक्षा स्वतःहून प्रसिद्ध करायला लावणं महत्त्वाचं आहे. पुण्यात जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं, आता निवडून आलेलं सभागृह आहे. कुठल्याही पक्षाचा नगरसेवक, आमदार, खासदार भेटला की त्याच्याकडे एवढंच मागा:

१. सरकारी किंवा महापालिकेच्या पैशातून झालेल्या प्रत्येक दौऱ्याची दर तीन महिन्यांनी यादी. केंद्राचा २०१२ चा नमुना तयार आहे, तोच राज्याला आणि महापालिकेला लावा.

२. त्या यादीत पाच रकाने. कोण, कुठे, कशासाठी, किती खर्च, कोणी भरला. पक्षाचं काम त्याच दौऱ्यात केलं असेल तर त्या भागाचा खर्च वेगळा.

३. अभ्यास दौऱ्याचा अहवाल महिन्याभरात सभागृहापुढे. अहवाल नाही, तर बिल मंजूर नाही.

४. सुरक्षेचा भाग झाकून ठेवा, हरकत नाही. पण दौरा झाल्यावर रक्कम झाकायचं कारण नाही.

यात कोणाचा अपमान नाही आणि कोणावर आरोपही नाही. उलट जो रास्त खर्च करतो त्याचं भलंच आहे. माझ्या त्या अकरा पानांनी गेलेल्या लोकांवरचा संशय कमीच केला होता, हे ते स्वतः का दाखवत नाहीत, हेच मला कळत नाही.

पुढच्या वेळी विद्यापीठ चौकात ताफा जाईपर्यंत थांबवलं, की डावीकडे-उजवीकडे बघा. तिथेच कुठेतरी झाडीत ती गव्हर्नरसाहेबांची इमारत आहे. तिचा जाब विचारायला तेव्हा पुणेकरांकडे काही नव्हतं, तरी पन्नास-पन्नास सह्या गोळा करून लोक उभे राहिले. आपल्याकडे मत आहे, कायदा आहे, अजून तरी आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला या चार ओळी पाठवा, आणि काय उत्तर आलं ते खाली लिहा. उत्तर आलं नाही तर तेही लिहा. 'निरंक' एवढं लिहिलंत तरी चालेल.